आफ्टरग्लोला 'संधिप्रकाश' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की 'गॅमा किरण स्फोटांच्या संधिप्रकाशातून दूरच्या आकाशगंगांचा अभ्यास' हे वाक्य बरोबर आहे का, आणि आफ्टरग्लोला दुसरा शब्द आहे का. गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा प्रचंड झोत, आणि आफ्टरग्लो म्हणजे तो संपल्यावर त्याच जागी दिसत राहणारा प्रकाश.

संधिप्रकाश मला अजिबात नको वाटतो. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी त्याचाच प्रकाश हवेतून विखुरून आपल्यापर्यंत येतो तो संधिप्रकाश, म्हणजे स्रोत तोच, फक्त आडोशाला गेलेला. 'धग' हा शब्दही काहीजण सुचवतील आणि तो मला मनापासून आवडतो, पण धग म्हणजे आधीच्या आगीची उरलेली उष्णता. इथे उरलेलं असं काही नसतंच! गॅमा किरणांचा झोत बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो, आणि मग स्फोटातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेलं द्रव्य आजूबाजूच्या वायूवर आदळतं, त्या धक्क्यात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत नवा प्रकाश तयार होतो. हा प्रकाश पहिल्यांदा पकडला २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटात, बेप्पोसॅक्स उपग्रहाने. म्हणून मी 'उत्तरदीप्ती' म्हणेन, उत्तररात्र, उत्तरायुष्य यातला 'उत्तर', नंतरचा. 'पश्चदीप्ती'ही चालेल पण बोलताना जड जातो.

दुसरं म्हणजे आकाशगंगा हे आपल्या घरच्या गॅलेक्सीचं नाव, बाकीच्यांना दीर्घिका म्हणा. (इथे खरं तर 'तारे जन्मत असलेल्या दीर्घिका' असं हवं, कारण दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणारे बहुतेक स्फोट महाकाय तारे मरताना होतात आणि असे तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात, त्यामुळे जिथे जन्मले तिथेच, नवे तारे बनत असतानाच मरतात.)

उत्तरदीप्तीचा मूळ वर्णपट अगदी सलग, स्वतःच्या रेषा नसलेला असतो, त्यामुळे वाटेत त्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन, लोह, जस्त, सिलिकॉनने जे जे शोषलं ते काळ्या रेषांच्या रूपात स्वच्छ वाचता येतं. त्यावरून ताम्रसृती (विश्व प्रसरण पावत असल्याने प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते) आणि तिच्यातून अंतर कळतं, वायू किती आहे, जड मूलद्रव्यं किती साठलीत तेही कळतं. आणि हे सगळं दीर्घिका स्वतः दिसत नसली तरी! एप्रिल २००९ च्या एका स्फोटाची ताम्रसृती ८.२ निघाली, म्हणजे विश्व जेमतेम ६३ कोटी वर्षांचं असतानाचा तो प्रकाश, आणि तो ज्या दीर्घिकेत झाला ती नंतर हबल दुर्बिणीनेही शोधली तरी दिसली नाही. नुसत्या तेजस्वी दीर्घिका मोजत बसलो असतो तर अशी अंधूक दीर्घिका हिशेबात आलीच नसती. अर्थात धूळ फार असेल तर दृश्य उत्तरदीप्तीच दिसत नाही, तिथे क्ष-किरण आणि रेडिओवर अवलंबून राहावं लागतं.

क्रियापद कोणतं लावायचं, तर 'विझते' नको, 'ओसरते' म्हणा, कारण ती एकदम जात नाही, तासातासाने, दिवसादिवसाने मंद होत जाते. क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) प्रकाशातही शोषणरेषा, म्हणजे त्या काळ्या रेषा, वाचतात पण क्वेसार काही हटत नाही, त्याच्या झगमगाटात त्याची स्वतःची दीर्घिका बघणं अवघड होतं. उत्तरदीप्ती ओसरली की त्याच जागी पुन्हा दुर्बीण रोखायची आणि दीर्घिका पुरेशी तेजस्वी असेल तर तिचा आकार, रंग, त्यात तारे किती वेगाने बनतायत हे थेट मोजायचं.