कारणाशिवाय काही हलवू नकोस

बाळा,

तुझी दीड मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म तीनदा पाहिली. चिमणी फार छान उतरलीय. दाणा उचलायच्या आधी ती क्षणभर थांबून मान तिरकी करते ना, ती जागा मी पुन्हा मागे जाऊन पाहिली. मग तिच्यामागचं झाड का हलतंय? ढग का सरकतोय? तू लिहिलंयस, 'रिकामं वाटत होतं म्हणून टाकलं, आजची मुलं इतक्या साध्या चित्रांपुढे बसतील का कळेना.'

कारण असल्याशिवाय पडद्यावर काही हलवू नकोस.

'एक अनेक और एकता' तू मोबाइलवर पाहिलीस, आम्ही दूरदर्शनवर. 1974 ची, जेमतेम सात मिनिटांची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. फिल्म रंगीत होती, पण 1982 पर्यंत दूरदर्शनच रंगीत नव्हतं आणि आमच्याकडे तर त्यानंतरही बरीच वर्षं ब्लॅक अँड व्हाइट संच होता. तरी जाळ्यात अडकलेले पक्षी जाळ्यासकट उडाले की माझी धाकटी बहीण दर वेळी टाळ्या वाजवायची. दर वेळी! एकदा आवाज बंद करून पाहा. पक्षी उडतात तेव्हा तुझी नजर दुसरीकडे जाते का, तेवढंच बघ.

तेव्हा सगळं हाताने. सेकंदाला 24 फ्रेम; एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी मिनिटाला 720 चित्रं. सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, पुढून रेघ, मागून रंग, मग कॅमेऱ्याखाली. एक पान हलवायचं म्हटलं तरी कुणीतरी विचारायचंच, कशाला? तुझं सॉफ्टवेअर विचारत नाही. म्हणून तू विचार. प्रत्येक वेळी विचार.

हे सगळं माहीत असून मी चुकलोय. मुलांसाठी एक मिनिटाची फिल्म होती. आजी दारात नातवाची वाट पाहत बसलीय, एवढंच. मी तिला नुसती बसवली होती. फक्त तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. ती बोटं काढायला मला अकरा रात्री लागल्या. काम देणारे म्हणाले, 'फ्रेम मेल्यासारखी वाटते.' मी मान डोलावली. तुळस हलवली, दोरीवरचे कपडे हलवले, वर एक मांजर सोडलं. फिल्म लागली तेव्हा शेजारचा मुलगा बाजूला बसला होता. संपल्यावर त्याला विचारलं, काय पाहिलंस रे? म्हणाला, 'मांजर.'

पुढे दोन कामं मी याच मुद्द्यावर सोडली. घरात ओढाताण होती, तरी सोडली. हट्टी म्हणाले, म्हणोत. मला ते आजही बरोबरच वाटतं. कारण नसताना हलवायचं नाही म्हणजे नाही. मुलं स्थिर चित्राकडे टक लावून बघत बसतात, मी पाहिलंय. धीर आपलाच सुटतो, आणि मग आपण मांजर सोडतो.

तेव्हा झाड थांबव. ढग काढून टाक. चिमणी थांबते तिथे आणखी आठ फ्रेम दे, मग दाणा उचलू दे. रविवारपर्यंत पाठव. आणि हो, शेवटी तिची शेपटी दोनदा हलते ती कशासाठी, ते लिहून कळव. सांगता आलं नाही, तर तीही थांबव.