थॅलेसेमिया मेजर असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचं फेरिटिन 3200 आलंय, पुढं काय जपावं?

ताई, मुलीला दर तीन आठवड्यांनी अंबाजोगाईला रक्त चढवता, तरी फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी, वाढतंय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलालाही हाच आजार आहे, आईवडिलांकडून येणारा, ज्यात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही; तो आता लातूरला कॉलेजात शिकतो. त्यामुळं हे जवळून पाहिलंय.

रक्त चढवायचं कुणी चुकवत नाही. लेकरू फिकं पडतं, चिडचिड करतं, जेवत नाही, मग आपण निघतोच. लोह मात्र गुपचूप साठतं. एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर रोज बाहेर टाकतं जेमतेम 1 मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींत बसतं. उंची खुंटणं, पाळी लांबणं, मधुमेह, हृदय कमकुवत होणं हे पुढचे त्रास त्यातूनच येतात. म्हणून लोह उतरवायची गोळी रक्ताइतकीच महत्त्वाची. लेकरू खेळतंय, हसतंय म्हणून ती बंद करू नका.

फेरिटिन 1000 च्या खाली आणायचं असतं. डेफेरासिरॉक्स (लोह उतरवायची गोळी) चालू असेल तर डोस तिच्या आजच्या वजनावर आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पोर वाढतं आणि डोस जुन्या वजनाचाच राहतो, असं फार होतं. पाण्यात विरघळणारी गोळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, रोज ठरल्या वेळी द्यायची. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताची तपासणी दर महिन्याला, फेरिटिन दर तीन महिन्यांनी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर ही गोळी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. त्या दिवशी गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. डेफेरिप्रोन (लोह उतरवायचं दुसरं औषध) चालू असेल आणि ताप आला, तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायचीच, कारण त्या औषधानं पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात.

पाहुणे सांगतील, बीट द्या, गूळ द्या, टॉनिक पाजा. लोहाचं टॉनिक अजिबात नको. बाकी भाकरी-भाजी नेहमीसारखी खाऊ द्या. लोह येतं ते मुख्यतः पिशवीतून, त्यामुळं ताटावरून पोरीला रडवू नका.

रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन 9 च्या खाली जाऊ देऊ नका. मे महिन्यात शिबिरं कमी होतात, तेव्हा रक्तपेढीत आधीच सांगून ठेवा. या आजाराच्या रुग्णाला रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता मिळतं, कार्ड सोबत ठेवा. आईवडिलांचं किंवा भावंडांचं रक्त मात्र तिला थेट चढवू नका, पुढं बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं) प्रत्यारोपणात त्याची अडचण होते.

प्रत्यारोपणाचा विचार आत्ताच करा. वय लहान आणि साठलेलं लोह कमी असेल तर ते जास्त यशस्वी होतं. सख्ख्या भावंडाची एचएलए तपासणी, म्हणजे त्याचा बोन मॅरो तिला जुळतो का ते पाहणारी, करून घ्या. जुळली तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

आणखी एक मूल हवं असेल तर त्यालाही हा आजार होण्याची शक्यता दर वेळी 25 टक्के असते. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा, कारण गर्भाची तपासणी साधारण 10 ते 13 आठवड्यांत होते. दीर-नणंदा, भाऊ-बहिणी यांचीही लग्नाआधी एचबीए2 तपासणी (हा आजार पुढं देऊ शकणारे वाहक आहेत का ते पाहणारी रक्ततपासणी) करून घ्यायला सांगा.