शाळेत कायदा आहे, मग मुलीनं गप्पच बसायचं का?

"इथल्या शाळेत समलैंगिकतेवर बोलायला बंदी आहे ना? मग आमच्या मुलीनं वर्गात काही सांगितलं तर तिला शिक्षा होईल का? आमच्या व्हिसावर काही येईल का?" अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे या ना त्या शब्दांत येतच असतो. त्यातल्या एका घराबद्दल सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सई आठवीत. इंग्रजीच्या तासाला स्वतःविषयी निबंध लिहायचा होता. 'मला मुली आवडतात हे लिहिलं तर चालेल का?' असं तिनं शिक्षिकेला विचारलं. त्या गडबडल्या. विषय बदल म्हणाल्या. सई घरी येऊन रडत बसली, आईनं खोदून खोदून विचारलं, आणि घरात कळलं ते असं.

सईच्या आईबाबांशी माझी पहिली भेट जवळजवळ पूर्ण कायद्यावर बोलण्यातच गेली. सईचं नाव निघालं ते निघायच्या वेळी. मी मध्ये टोकलं नाही. पोटच्या मुलीबद्दल विचारण्यापेक्षा कायद्याबद्दल विचारणं सोपं जातं, आणि त्या भीतीला आधी नीट उत्तर मिळालं की पुढचं बोलणं आपसूक निघतं.

तर उत्तर असं. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मार्च २०२२ मध्ये सही केली त्या मूळ कायद्यात किंडरगार्टन ते तिसरीपर्यंत लैंगिक कल (कुणाकडे ओढा वाटतो ते) आणि लिंगभाव (स्वतःला मुलगा मानतो की मुलगी, ते) हे विषय वर्गात शिकवायला मनाई होती. २०२३ मध्ये ती आठवीपर्यंत वाढवली. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षण मंडळानं नियम करून काही अपवाद सोडता ती बारावीपर्यंत नेली. नियम मोडला तर शिक्षकाचा परवाना जाऊ शकतो. सईच्या शिक्षिका का गडबडल्या ते यावरून कळेल. मला त्यांचा राग आला नाही.

पण हे बंधन शिकवण्यावर आहे आणि शिक्षकांवर आहे. कायद्याविरुद्धच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा राज्यानंच ते स्पष्ट केलं. विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल बोलणं, निबंधात लिहिणं, वर्गातल्या चर्चेत नुसता उल्लेख येणं, यातलं काहीही बंद नाही. छळ करणाऱ्या मुलांना शिक्षकांनी अडवायलाही आडकाठी नाही. थोडक्यात, सईचा निबंध चालला असता. आणि व्हिसाचा तर या कायद्याशी काही संबंधच नाही.

हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. बाबांचा नाही. ते म्हणाले, "मला खरं तर हा कायदा पटला होता. शाळेनं गणित शिकवावं, हे आमच्यावर सोडावं. पण शाळेत शिकवलं नाही, तर मग हिला कुठून कळलं?"

प्रामाणिक प्रश्न होता. मुलांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आपल्याला आधी कळावी असं कुठल्या आईबापाला वाटत नाही? मी त्यांना ब्रिटनचं सांगितलं. तिथे १९८८ मध्ये 'कलम २८' आलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये, असा तो कायदा. शाळांमध्ये त्याची एवढी दहशत बसली, की मुलं चिडवाचिडवी करत तरी कितीतरी शिक्षक गप्प बसत. स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली ते रद्द झालं. त्या पंधरा वर्षांत तिथे समलैंगिक मुलं मोठी व्हायची काही थांबली नाहीत. विचारायचं कुणाला, एवढंच त्यांना कळत नव्हतं. "तुम्हाला तरी शाळेत कुणी काय सांगितलं होतं?" मी विचारलं. ते हसले. नववीत त्यांच्या सरांनी 'प्रजनन' हा धडा घरून वाचून यायला सांगितला होता.

मग मुलींकडे ओढा आहे हे सईला कधी उमगलं, हे तिलाच विचारायचं ठरलं. विचारलंही. सहावीत, म्हणाली. दोन वर्षं ती कुणाशी बोलली नव्हती. शाळेतल्या समुपदेशकांकडेही गेली नाही, कारण तिथे बोललेलं सगळं घरी जातं असं तिनं मैत्रिणींकडून ऐकलं होतं. तेही अर्धवटच. मुलाच्या मानसिक आरोग्याच्या सेवांत बदल झाला तर शाळेनं पालकांना कळवायचं असतं, आणि कळवल्यानं मुलाचा छळ होईल अशी रास्त शंका असेल तर त्याला अपवादही आहे. पण तेरा वर्षांचं पोर कलमं वाचत बसत नाही. ते ऐकीव गोष्टीवर तोंड मिटून घेतं.

दरम्यान पुण्याहून मावशीचा फोन आला होता. सुट्टीत इकडे घेऊन या, एक डॉक्टर आहेत, बरं करतात. इथे मात्र मी आडपडदा ठेवला नाही. हा आजार नाही, त्यामुळे बरं करण्यासारखं काही नाही. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरच्या व्यवसायाला न शोभणारं गैरवर्तन आहे, असं भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच २०२२ मध्ये सांगितलं आहे. त्यातून मुलाच्या वाट्याला अपराधीपणा आणि नैराश्य येतं. मावशीला हे कोण सांगणार यावर नवरा-बायकोत थोडी टोलवाटोलवी झाली, शेवटी बाबा तयार झाले.

आईनं शिक्षिकेला शांतपणे एक ईमेल लिहिली, तडजोडीतला मजकूर सोबत जोडला. तक्रारीचा सूर येऊ नये म्हणून आम्ही ती दोनदा वाचली. प्रिन्सिपलकडून होकार आला. सईनं मात्र तोवर निबंध आजीच्या गिरणीवर लिहून टाकला होता आणि आता तिला बदलायचा नव्हता. आई जरा खट्टू झाली, एवढं भांडून मिळवलं म्हणून. मी म्हटलं, लिहायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या.

पुढच्या भेटीत बाबांचा प्रश्न तयार होता: गणपतीला सांगलीला जायचंय, आजीला काय सांगायचं? सई पटकन म्हणाली, "आजीला मी सांगेन. या वर्षी नाही. आणि मावशीला कुणी सांगितलं ते मला आधी कळू दे." मावशीला आईनं सांगितलं होतं, सईला न विचारता. उरलेला वेळ मायलेकींच्या भांडणात गेला, आणि बाबा पहिल्यांदाच मुलीच्या बाजूनं बोलले.