पासपोर्टवरचा शिक्का मार्च २०१५चा असेल तर

फुले मार्केटात कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. ते नोव्हेंबर २०१४ मध्ये सिंधमधून जळगावला आले, पत्नी मार्च २०१५ मध्ये आली. मुलगा २०१७ साली इथेच झाला. दोघांचाही दीर्घ मुदतीचा व्हिसा २०२१ मध्ये संपला. ते विचारतात, 'मुदत २०२४ पर्यंत वाढली म्हणतात, मग दोघांचा निर्वासित म्हणून अर्ज सोबतच टाकू ना?' सिंधी कॉलनीतून हाच प्रश्न मला वारंवार येतो.

नाही भाऊ, मुदत वाढलेली नाही. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू वगैरे अल्पसंख्याकांना नागरिकत्व देणारं नागरिकत्व कायद्याचं कलम ६ बी (सीएए) आहे ना, त्यासाठी भारतात आल्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख केंद्राच्या सप्टेंबर २०२५च्या आदेशातली. धार्मिक छळामुळे आलेल्यांवर कागद नाहीत किंवा संपले म्हणून कारवाई होऊ नये, एवढ्यासाठी तो आदेश आहे. नागरिकत्व त्यातून मिळत नाही. आणि निर्वासित म्हणून वेगळा अर्ज म्हणाल, तर आपल्याकडे तसा कायदाच नाही; १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही.

तुमचं स्वतःचं काम त्यामानानं सरळ आहे. प्रवेशाचा शिक्का मुदतीच्या आतला आहे, पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली असली तरी तो पुरावा म्हणून चालतो. अर्ज ऑनलाइन करायचा. तो तपासणारी जिल्हा समिती डाक अधीक्षकांच्या हाताखाली असते, तेव्हा कलेक्टर ऑफिसच्या चकरा बंद करा. मूळ कागद घेऊन शपथेला स्वतः हजर राहा. बोलावूनही गेला नाहीत तर अर्ज नामंजुरीच्या विचारासाठी वरच्या समितीकडे जातो.

खरा पेच पत्नीचा आहे. त्यांना ६ बी लागू नाही. तुम्ही नागरिक झालात की कलम ५ खाली, नागरिकाची पत्नी आणि सात वर्षांचं वास्तव्य या आधारावर त्यांचा अर्ज करता येईल. पण त्याच कलमात अट आहे: अर्जदार अवैध स्थलांतरित नसावा. व्हिसा संपल्यावर राहिलेला माणूस नेमका त्या व्याख्येत बसतो. २०२५च्या आदेशामुळे ही अडचण सुटते असा युक्तिवाद मी करीन, पण त्याच्या भरवशावर तुम्हाला बसू देणार नाही.

'नवा कायदा आला, आता व्हिसा कशाला' असं एजंट म्हणाला आणि तुम्ही ऐकलंत, याचा मला राग येतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले होते. त्या आठवड्यात कोणी दारात आलं असतं, तर पत्नीनं काय दाखवलं असतं?

म्हणून आधी एसपी ऑफिसात परदेशी नागरिकांच्या शाखेत जा आणि दोघांच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज विलंबाच्या कारणासह लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मंजुरीला किती दिवस लागतील, ते प्रकरणागणिक बदलतं. मतदार यादीत नाव घालून देतो म्हणणाऱ्याला उंबरठ्याबाहेरच ठेवा.

मुलाचं म्हणाल, तर इथला जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. मात्र ६ बी खालचं नागरिकत्व भारतात आल्याच्या दिवसापासून धरतात, आणि २०१७ मध्ये पत्नीचा व्हिसा चालू होता. त्यामुळे तो जन्मानंच भारतीय, असं मांडायला जागा आहे. तो दाखला लॅमिनेट केला असेल तर महापालिकेतून नवी प्रत काढून ठेवा.