तुतारी नव्हे, तुतारा!

प्रश्न आला आहे: 'नाशिकच्या कार्यक्रमाची पत्रिका छापतोय. सुरुवातीला आठ ट्रॉम्बोनवर (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) दोन मिनिटांची जोरकस फॅनफेअर, म्हणजे आगमनाची धून, आहे. तिला तुतारीवादन म्हटलं तर चालेल का?'

नाही चालणार. गंगापूर रोडच्या लॉन्सवर पितळेचं काहीही चमकलं की सूत्रसंचालक 'तुतारी' म्हणून मोकळा होतो. ऐकून कान किटले. तुतारीची नळी जिथल्या तिथे असते. स्वर बदलायचे ते ओठांनी, आणि निघतात तेही मोजकेच. ट्रॉम्बोनची नळी सरकते. तिच्या जागा सात. एकेक जागा पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. कवायतीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोनवाले सहसा पहिल्या ओळीत चालतात, कारण मागे ठेवले तर नळी पुढच्याच्या पाठीत बसायची.

आता खरी गंमत. इटालियनमध्ये 'त्रोम्बा' म्हणजे कर्णा, आणि 'ओने' हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. त्रोम्बा स्त्रीलिंगी, त्रोम्बोने पुल्लिंगी! 'पोर्ता' म्हणजे दार, 'पोर्तोने' म्हणजे वाड्याचा थोरला दरवाजा. वस्तू मोठी झाली की तिचं लिंग बदलायचं, ही तर आपलीच खोड: सुरी-सुरा, पळी-पळा, गाडी-गाडा. मग तुतारीचा थोरला भाऊ कोण? तुतारा! ट्रॉम्बोनला याहून नेमका मराठी शब्द मला कुणी दाखवावा.

'तूर्य' सुचवणारे संस्कृतप्रेमी येतीलच. तूर्य म्हणजे संस्कृतात नुसतं वाद्यही होतं, त्यात नळी कुठे दिसते? त्यापेक्षा इंग्रजीतलं जुनं नाव 'सॅकबट' प्रामाणिक. ते फ्रेंचमधून आलं, आणि त्यात खेचणं नि ढकलणं अशी दोन क्रियापदं एकमेकांना चिकटलेली आहेत.

हां, फॅनफेअर राहिलीच. शब्द फ्रेंच. काही विद्वान तो अरबी 'नफीर' (म्हणजे कर्णा) या शब्दाच्या अनेकवचनापर्यंत, 'अन्फार'पर्यंत नेतात. तीच नफीर आपल्याकडे नफिरी होऊन आली. ऐकायला गोड, पण मला पटत नाही. फां-फां असा आवाज आला, त्याचा शब्द झाला. धडधड, खणखण करणाऱ्या मराठी माणसाला यासाठी अरबस्तानात जायची गरज काय?

मराठीत तिला ललकारी म्हणा. भालदार-चोपदार देत तीच: छोटी, चढ्या आवाजातली, कुणीतरी येतंय हे सांगणारी. फक्त 'आठ तुताऱ्यांची ललकारी' छापू नका. षष्ठी लागली की तुतारा आणि तुतारी यांचं रूप एकच होतं, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. 'ललकारी: आठ तुतारे' असं छापा.