डॅलसला येताय आणि मुलीला घरीच शिकवायचंय, तर

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी तेरा वर्षांची, पुण्यात चौथीनंतर शाळा सोडली, तेव्हापासून घरीच शिकते. मिस्टरांची बदली डॅलसला होतेय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. तिथे तिला शाळेत घालावं की आहे तसंच चालू ठेवावं? आणि घरीच ठेवलं तर कॉलेजला घेतील का, घेतलं तर ती टिकेल का? आमचा मुलगा डॅलसशेजारच्या प्लेनोला आल्यावर आठवीपासून घरीच शिकला आणि आता रिचर्डसनला यूटी डॅलसमध्ये कॉम्प्युटर सायन्स करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याची काळजी सोडून द्या. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात घरच्या शाळेला खाजगी शाळेचाच दर्जा दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय प्रामाणिकपणे, लेखी अभ्यासक्रम ठेवून शिकवायचे, एवढीच अट. नोंदणी नाही, परीक्षा नाही, कुणी तपासायला येत नाही. मुलगी इथल्या सरकारी शाळेत गेलेलीच नसेल तर कुणाला कळवावंही लागत नाही. आधी घालून मग काढलीत तर शाळेला पत्र द्यावं लागतं. मात्र हे टेक्सासपुरतं. कंपनीने ऐनवेळी न्यूयॉर्कला पाठवलं तर तिमाही अहवाल द्यावे लागतील, पेनसिल्व्हेनियाला पाठवलं तर दरवर्षी परीक्षकाकडून मुलीच्या कामाची फाइल तपासून घ्यावी लागेल. म्हणून बदलीचं राज्य नक्की होईपर्यंत पुस्तकांवर खर्च करू नका. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलीला घरी शिकायला व्हिसाची काही आडकाठी नाही.

आता खरी गोष्ट. इथे कुणी तपासत नाही, याचा अर्थ चार वर्षांनी कॉलेजसमोर तुमच्या शब्दापलीकडे काही नसतं. गुणपत्रिका तुम्हीच बनवणार, सही तुमचीच, डिप्लोमाही तुम्हीच देणार. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या साइटवर, अर्ज भरताना शाळेच्या समुपदेशकाच्या जागीही आई किंवा वडीलच असतात, ‘आमच्या शाळेची ओळख’ हे पानही तुम्हीच लिहायचं. हे सगळं चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आईने दिलेला ‘ए’ वाचून प्रवेश समितीतला माणूस मान डोलावतो आणि पुढच्या पानावर बाहेरच्या कुणी काय म्हटलंय ते शोधतो. म्हणून नववीपासून माझा एकच आग्रह असेल: दरवर्षी निदान एका-दोन विषयांत तिला परक्या माणसाकडून गुण मिळाले पाहिजेत.

मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण तुमच्याही कानावर असेलच. दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसताना २०१६ मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाला, आणि बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार मात्र बंदच राहिलं. घरी शिकवणाऱ्या मंडळींत ही गोष्ट फार आवडीने सांगितली जाते, पण अर्धीच. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडची पदकं होती, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधला अभ्यास होता. म्हणजे परक्यांनी दिलेली ग्वाही तिच्याकडे भरपूर होती. ऑलिंपियाड सगळ्यांना जमणारं नाही. आपल्यासारख्यांसाठी त्याचा साधा पर्याय म्हणजे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणारं स्थानिक सरकारी कॉलेज.

प्लेनोच्या बाजूला राहिलात तर कॉलिन कॉलेज आहे, डॅलसच्या बाजूला राहिलात तर डॅलस कॉलेज. शाळकरी वयातच तिथले वर्ग करता येतात, त्याला ड्युअल क्रेडिट म्हणतात. टीएसआय नावाची पात्रता परीक्षा द्यायची, किंवा एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचे पुरेसे गुण दाखवायचे. फी असली तरी विद्यापीठाच्या मानाने किरकोळ. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विषयांना सामाईक क्रमांक असतात, त्यामुळे इंग्लिश १३०१ कॉलिनला केलं तर ते राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत धरलं जातं. नामांकित खाजगी विद्यापीठं बऱ्याचदा धरत नाहीत, तरी तिथला ‘ए’ अर्जात वजन टाकतोच. आणि शिफारसपत्रं! ती आईवडिलांची चालत नाहीत. एमआयटीसारख्या ठिकाणी तर एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं पत्र मागतात. घरातच शिकलेल्या मुलीला ही दोन माणसं आणणार कुठून? कॉलिनच्या वर्गात पुढच्या बाकावर बसून, तासानंतर थांबून प्रश्न विचारणारी सोळा वर्षांची मुलगी प्राध्यापकांच्या बरोबर लक्षात राहते.

एक सावधगिरी. हे गुण कायमचे असतात. कॉलेजच्या रेकॉर्डवर चढलेला ‘सी’ पुसता येत नाही, आणि पुढे मेडिकलला अर्ज केला तर शाळकरी वयात केलेले कॉलेजचे विषयही सरासरीत धरतात. म्हणून अकरावीच्या सुरुवातीला तिच्या आवडीचा एकच विषय घ्या. आपल्याकडची काही मंडळी पोरांकडून दोन वर्षांत कॉलेजची साठ क्रेडिट, म्हणजे जवळपास अर्धी पदवी, करून घेतात आणि मंडळाच्या गणपतीत सांगत फिरतात. मला ते मुळीच पटत नाही.

एसएटी ‘ऐच्छिक’ म्हणतात तिथेही तिने द्यावी. वर्गातला क्रमांक नसलेल्या मुलीकडे दाखवायला तेवढाच एक सर्वांना कळणारा आकडा असतो. एमआयटीने २०२२ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली, यूटी ऑस्टिननेही पुढे तेच केलं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र गुण बघतच नाहीत. मार्च २०२४ पासून इथे ही परीक्षा लॅपटॉपवर होते. एपीच्या, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या, परीक्षा मे महिन्यात असतात, पण नावनोंदणी आदल्या शरद ऋतूतच आटपते, आणि बाहेरच्या मुलीला बसू देणारी शाळा तुम्हीच शोधायची. आम्हाला एका शाळेने सरळ नाही सांगितलं, दुसरीच्या बाईंनी हसत फॉर्म भरून घेतला. ऑगस्टमध्येच फोन करायला लागा. विषय घरी शिकवलात तर गुणपत्रिकेत त्याच्यापुढे ‘एपी’ लिहायला या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागतो. परीक्षेला बसायला तशी अट नाही.

कागदपत्रं नववीच्या पहिल्या दिवसापासून ठेवा. कुठलं पुस्तक, किती धडे, कोणते प्रयोग, कोणते निबंध, कुणी तपासले. ढोबळ हिशेब असा की साधारण १२० तासांचा अभ्यास म्हणजे शाळेचं एक क्रेडिट. इंग्रजी आणि गणित चार-चार वर्षं, विज्ञान तीन-चार वर्षं प्रयोगांसह, इतिहास-नागरिकशास्त्र तीन, परकीय भाषा निदान दोन, एवढं असलं की बहुतेक दारं उघडी राहतात. प्रत्येक विषयाचं पाच-सहा ओळींत वर्णन त्या त्या वर्षीच लिहून ठेवा. बारावीच्या ऑक्टोबरात आठवून लिहायला बसलेल्या आया मी पाहिल्यात. त्या महिन्यात त्यांच्याकडे चहालासुद्धा जाऊ नये.

शाळेत घालायचीच असेल तर नववीच्या आत ठरवा. मधेच दहावी-अकरावीला घातली तर घरी केलेले विषय किती धरायचे हे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ठरवते आणि बऱ्याचदा त्यासाठी परीक्षा घेते. तुमचा प्रश्न ‘कुठलं बरं’ असा होता म्हणून सांगतो: मुलगी स्वतःहून पुस्तक उघडत असेल तर घरी ठेवा. तुम्हाला मागे लागावं लागत असेल तर प्लेनो-फ्रिस्कोच्या सरकारी शाळा चांगल्याच आहेत, तिकडे घाला.

पैशाचं आणि व्हिसाचं. एच-४ वर सरकारी शैक्षणिक मदत मिळत नाही. पण टेक्सासमध्ये १२ महिने बस्तान असेल तर एच-४ ची मुलंही राज्यातल्या रहिवाशांच्या दराने फी भरू शकतात, आणि हा फरक फार मोठा असतो. तिच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत ग्रीन कार्ड येईल हे भारतीयांनी गृहीत धरू नये. तोवर नाही आलं तर तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. शिवाय मिस्टरांची नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. परत जायची वेळ आली तर आईबापांनी दिलेला डिप्लोमा भारतात कुणी विचारत नाही. नीट असो, जेईई असो, मान्यताप्राप्त बारावी लागते. परतीची शक्यता दहात दोन जरी वाटत असेल, तरी टेक्सास टेक विद्यापीठाच्या शाळेसारखा मान्यताप्राप्त ऑनलाइन डिप्लोमा घ्या आणि परदेशी शालेय शिक्षणाच्या समकक्षतेचे भारतातले नियम निघण्याआधीच वाचून या. हा खर्च वायफळ नाही.

टिकेल का? अभ्यासात टिकेल. आमच्या मुलाला कॅल्क्युलस जड गेलं नाही. जड गेलं ते दर आठवड्याला पाच विषयांच्या बारीकसारीक मुदती सांभाळणं आणि अडल्यावर वेळेत विचारणं. घरी अडलं की तो स्वयंपाकघरात येऊन आईला विचारायचा. तिथे तीनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळा पाहून स्वतः जावं लागतं. गटात काम करायची सवयही नव्हती. एका गटाचं सगळं काम एकट्यानेच करून टाकलं आणि वर गटाचीच नाराजी ओढवून घेतली. कम्युनिटी कॉलेजमध्ये या गोष्टींची रंगीत तालीम होते, हाही त्याचा एक फायदा. आणखी एक: फर्पा नावाच्या कायद्यामुळे मुलगी कॉलेजच्या वर्गात बसली की गुणांवरचा हक्क तिचा होतो, वय सोळा असलं तरी. तुम्ही फोन केलात तर ऑफिस तुमच्याशी बोलेलच असं नाही. फी भरायची तारीखसुद्धा तिलाच बघू द्या.

मैत्रिणींचं विचारलंय. चार-पाच घरच्या आया मिळून विषय वाटून घेतात, त्याला इथे को-ऑप म्हणतात. बहुतेक ख्रिस्ती मंडळी असतात, काही ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या पत्रावर सही मागतात. तसं न मागणारेही आहेत, पण विचारून घ्या. शनिवार-रविवारी मराठी शाळा आहे, ढोलपथक आहे. एक व्यावहारिक गोष्ट मात्र राहिली. इथे बस नावालाच, आणि ती सोळाची होईपर्यंत सगळीकडे तुम्हीच नेणार-आणणार. तेव्हा आल्या आल्या आधी स्वतःचं लायसन्स काढा.