ईडीएनए, हायड्रोफोन की पाण्याखालचा कॅमेरा: काय घेतलं तर डायव्हरशिवाय समुद्री जीवांचा नकाशा करता येईल?

एकाही उपकरणाने नाही. तुम्ही लिहिलंय की उथळ किनारी पट्ट्यातली जैवविविधता नोंदवून तिचा नकाशा करायचा आहे, डायव्हरची मोजणी परवडत नाही, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की ‘बाटलीभर पाणी लॅबला पाठवा, प्रजातींची यादी हातात येते’. यादी येते, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही विचारलंय नकाशाबद्दल. यादीचा नकाशा व्हायला जे लागतं त्यावर पैसा आणि वेळ घालायला कुणी तयार नसतं, आणि असे सल्ले देणारे नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

ईडीएनए म्हणजे जीवांनी पाण्यात सोडलेला डीएनए. पाणी गाळून तो वाचला की तिथे कोण होतं ते कळतं. तंत्र भक्कम आहे, त्यावर वाद नाही. २०१५ साली माशांसाठी मायफिश प्रायमर (डीएनएचा ठरावीक तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे धागे) आले आणि १२एस जनुकाच्या जेमतेम १७० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुकड्यावरून एका नमुन्यात डझनावारी मासे ओळखता यायला लागले. युनेस्कोच्या मोहिमेत २१ सागरी वारसास्थळांवरून सुमारे ५०० नमुने घेतले गेले, त्यातले बरेच स्थानिक लोकांनी आणि मुलांनी गोळा केलेले, आणि त्यांतून जवळपास ४५०० प्रजाती निघाल्या. तेव्हा पाणी भरायला पीएचडी लागत नाही. लागते ती शिस्त.

नमुना बिघडतो तो गाळताना. एका ठिकाणाहून एकेक लिटरच्या तीन स्वतंत्र बाटल्या भरा. एक मोठा कॅन भरून त्याचे तीन भाग केले तर ती एकच बाटली तीनदा मोजल्यासारखी होते. ०.४५ मायक्रॉनचा बंद कॅप्सूल फिल्टर आणि पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा) ही साधी, चालणारी जोडी. कॅप्सूल बंद असल्याने चिमट्याने फिल्टर उचलताना होणारा संसर्ग टळतो. निवळ पाण्याचा एक लिटर सहज उतरतो. खाडीच्या तोंडाशी किंवा बंदराजवळ मात्र तीनशे मि.ली. झाले की पंप कण्हायला लागतो. मग लोक दाब वाढवतात. चोंदत आलेल्या फिल्टरमधून पाणी एकदम मोकळं वाहायला लागलं तर खूश होऊ नका, आतला पडदा फाटलाय. तो फिल्टर टाकून द्यायचा आणि दुसरी बाटली घ्यायची.

गढूळ पाण्यावर उपाय दोन. एक, भोक मोठं घ्या, १.२ किंवा अगदी ५ मायक्रॉन. माशांचा ईडीएनए सुटा तरंगत नसतो. बराचसा पेशींच्या, पेशीतुकड्यांच्या आणि इतर कणांच्या रूपात असतो, त्यामुळे वाटतं तेवढं नुकसान होत नाही. दोन, एकाच बाटलीसाठी दोन-तीन कॅप्सूल वापरा आणि डीएनए काढताना ते एकत्र करा. कोणताही उपाय घ्या, पण सर्वेक्षणभर तोच ठेवा. अर्ध्या ठिकाणी ०.४५ आणि अर्ध्या ठिकाणी ५ मायक्रॉन केलंत तर नकाशावर जी रेषा उमटेल ती फिल्टर बदलल्याची असेल. आणि गाळ खाली बसू दे, मग वरचं पाणी गाळू, हा शहाणपणा नको. गाळाच्या कणांना डीएनए चिकटतो आणि त्यांच्याबरोबरच तळाला जातो.

किती पाणी गाळलं हे प्रत्येक कॅप्सूलपुढे लिहा. ‘साधारण एक लिटर’ असं नाही. ३२० असेल तर ३२०. हा आकडा नसेल तर बाहेरच्या निवळ पाण्यात चाळीस प्रजाती आणि बंदरात पंधरा, यातला किती फरक समुद्राचा आणि किती चिखलाचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

गाळून झालं की सिरिंजने हवा मारून कॅप्सूलमधलं उरलेलं पाणी काढा, लायसिस बफर (पेशी फोडून डीएनए टिकवणारं द्रावण) भरा, दोन्ही तोंडं बंद करा. बफर नसेल तर उणे २० अंशांचा फ्रीझर. गाळायलाच उशीर होणार असेल तर बाटल्या बर्फात, अंधारात, आणि काही तासांच्या आत उरका. समुद्रातला डीएनए साधारण काही तास ते काही दिवस टिकतो, आणि बाटलीत घेतला म्हणून तो विघटन व्हायचा थांबत नाही.

आता जुनं भांडण. ब्लँक म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली बोटीवर न्यायची, तिथेच उघडायची, त्याच पंपाने, त्याच नळीने गाळायची आणि खऱ्या नमुन्यांबरोबर शेवटपर्यंत न्यायची. डीएनए काढताना आणखी एक, पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, आणखी एक. ‘पाण्याचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करायला पैसे द्यायचे?’ असं म्हणणारे लोक प्रत्येक प्रकल्पात भेटतात, आणि बहुतेक वेळा सही त्यांचीच लागते. त्यांना विचारायचा प्रश्न एकच: निकालात सॅमन आला, तर तो समुद्रात होता की कुणाच्या जेवणाच्या डब्यात, हे कशावरून सांगणार? किनाऱ्याजवळच्या नमुन्यांत कोंबडी, डुक्कर आणि गाय सर्रास निघतात. काही सांडपाण्यातून आलेली, काही हातातून. ब्लँक स्वच्छ निघाला तर संशय समुद्राकडे वळवता येतो. ब्लँकच नसेल तर सगळी यादी संशयित. रोज निदान एक, आणि दर दहा-बारा नमुन्यांमागे एक, ही माझी किमान अट आहे. पैसे कमी पडत असतील तर ठिकाणं कमी करा, ब्लँक नको.

ब्लँकमध्ये काही निघालं तर तेवढे रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) सगळीकडून वजा करून मोकळं व्हायचं, हेही चुकीचं. काय निघालं ते बघा. माणूस निघाला तर फारसं बिघडत नाही. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त सापडलेला मासाच ब्लँकमध्ये थोडासा दिसत असेल, तर बऱ्याचदा सिक्वेन्सिंगमध्ये एका नमुन्याचा टॅग (नमुना ओळखायला डीएनएला जोडलेली खूण) दुसऱ्यावर उडी मारतो तो प्रकार असतो. त्यावर उपाय लॅबकडे आहे: प्रत्येक नमुन्याला दोन्ही बाजूंनी वेगळा, कुठेही पुन्हा न वापरलेला इंडेक्स, म्हणजे हाच टॅग. ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल विचारलंत, आणि इथे एक गंमत होते. आमिष लावलेला कॅमेरा तासभर तळाशी ठेवायचा ही पद्धत उत्तम आहे. साधारण किलोभर ठेचलेली तारली किंवा तसाच तेलकट मासा, दोन कॅमेरे ठरावीक कोनात, आणि कॅमेरे बसवलेल्या शेजारच्या दोन सांगाड्यांत निदान ४०० मीटर अंतर, म्हणजे एकच मासा दोन्हीकडे मोजला जात नाही. मोजायचं ते एका फ्रेममध्ये एका वेळी दिसलेले जास्तीत जास्त मासे. तासाभरात आलेल्या सगळ्यांची बेरीज करायची नाही, कारण तोच मासा दहा वेळा परत येतो. पण त्याच बोटीवरून, त्याच दिवशी ईडीएनएही घेत असाल तर तारली तुमच्या प्रत्येक बाटलीत निघणार. दोरीवर, हातमोज्यांवर, डेकवर, सगळीकडे ती असते. म्हणून क्रम ठरलेला: आधी ब्लँक, मग पाणी, प्रवाहाच्या वरच्या बाजूने, मग डायव्हर, त्यांच्या सूटवर कालच्या जागेचं पाणी असतं, आणि आमिषाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. दिवसाचा मार्गही निवळ बाहेरच्या पाण्याकडून गढूळ बंदराकडे, उलटा नाही. बाटल्या आणि नळ्या घरगुती ब्लीचच्या दहा टक्के द्रावणात दहा मिनिटं भिजवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच राहिलं तर ते पुढच्या नमुन्यातलाही डीएनए खाऊन टाकतं.

तीन बाटल्या कशासाठी, याचा हिशेब करून बघा. समजा एखादी प्रजाती तिथे आहे आणि एका बाटलीत सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. तीन बाटल्यांत ती एकदाही न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के. तीनातल्या एका ठिकाणी ती असूनही तुमच्या नकाशावर शून्य पडणार. हीच चूक ५ टक्क्यांवर आणायची तर नऊ बाटल्या लागतात. ही शक्यता प्रत्येक प्रजातीची वेगळी असते, म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी दहा-दहा बाटल्या घेऊन ती काढायची आणि मग मोठं सर्वेक्षण आखायचं. बाटल्यांचे निकाल एकत्र करून ‘या ठिकाणची यादी’ केलीत की हा हिशेब कायमचा बुडाला. प्रत्येक बाटलीचा निकाल सुटा ठेवा.

डायव्हर का लागतो ते आता आलं. ईडीएनए वय सांगत नाही, लांबी सांगत नाही, प्रवाळ जिवंत आहे की पांढरं पडलंय हे सांगत नाही. रीडची संख्या म्हणजे माशांची संख्या नव्हे. प्रायमर एकाला जास्त चिकटतो, दुसऱ्याला कमी. शिवाय संदर्भ डेटाबेसमध्ये जी प्रजाती नाही तिचा डीएनए निघाला तर सॉफ्टवेअर जवळच्या भावकीचं नाव लावून मोकळं होतं. सेबॅस्टीस (रॉकफिश) वंशातले कितीतरी मासे १२एसच्या त्या तुकड्यावर एकमेकांपासून ओळखताच येत नाहीत. अशा वेळी वंशापाशी थांबावं. प्रजातीचं नाव लावायचा मोह आवरावा. संदर्भ भरायचा तर कुणीतरी मासा हातात धरून, वर्गीकरण जाणणाऱ्याकडून ओळखवून, नमुना संग्रहालयात ठेवून मग त्याचा अनुक्रम टाकावा लागतो. नव्या यंत्रासाठी निधी मिळतो, या माणसाच्या पगारासाठी मिळत नाही. तुमच्या हातात थोडे जरी पैसे असतील तर आधी ते इथे घाला.

हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, थोडक्यात. काय ऐकायचंय ते ठरवल्याशिवाय घेऊ नका. माशांचे आवाज बहुतेक २ किलोहर्ट्झच्या खाली असतात, ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग पुरून उरतं. पॉरपॉइजचे (डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी) क्लिक १३० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणून रेकॉर्डिंग ३८४ किलोहर्ट्झवर ठेवावं लागतं, आणि १६ बिटला दिवसाला साधारण ६६ जीबी भरतात. ९६ वर तेच १६ ते १७ जीबी. दर १५ मिनिटांत ५ मिनिटं रेकॉर्ड केलं तर माशांच्या सामूहिक आवाजाला पुरतं. क्वचित जाणारा देवमासा मात्र निसटू शकतो. नांगराला साखळी वापरू नका, तिची खळखळ सगळ्या फाइलभर असते. आणि आवाजाच्या ‘निर्देशांका’वरून जैवविविधतेचा आकडा काढून देणाऱ्यांपासून दूर राहा. उष्ण उथळ पाण्यात चटचट्या कोळंबीचा कडकडाट एवढा असतो की निर्देशांक बऱ्याचदा तिलाच मोजतो.

उपग्रह आणि सोनार हे पायाचा नकाशा देतात, जीवांचा नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा पिक्सेल १० मीटरचा, आणि तळ दिसतो तो निवळ उथळ पाण्यातच. मल्टिबीम सोनारचा १ अंशाचा किरण १०० मीटर खोलीवर पावणेदोन मीटरचा ठिपका टाकतो, ४००० मीटरवर तोच ७० मीटरचा होतो. तळ खडकाळ की वाळूचा की समुद्री गवताचा हे आधी यातून काढा, त्या प्रत्येक प्रकारात बाटल्या आणि कॅमेरे वाटा, आणि डायव्हर फक्त काही निवडक जागी उतरवा, बाकीच्या तंत्रांचं माप घ्यायला. तुमचा खर्च वाचेल तो इथे. डायव्हर शून्यावर आणून नाही.

नोंदी पहिल्या दिवसापासून डार्विन कोअरच्या (जैवविविधतेच्या नोंदींचा प्रमाणित साचा) साच्यात ठेवा आणि नावं वर्म्सच्या (सागरी प्रजातींच्या नावांची जागतिक यादी) आयडीसह लिहा, म्हणजे पुढे ओबिसला (सागरी जीवांच्या नोंदींचा जागतिक डेटाबेस) देताना रडावं लागत नाही. बाटली क्रमांक, वेळ, खोली, भरती की ओहोटी, गाळलेलं पाणी, फिल्टरचं भोक, स्थानाची अचूकता किती मीटरची, आणि शोधूनही न सापडलेल्या प्रजातींची ‘अनुपस्थित’ अशी नोंद. शेवटचा रकाना सगळे वगळतात, आणि त्याच्याशिवाय नकाशावर न शोधलेली जागा आणि शोधूनही रिकामी निघालेली जागा सारखीच दिसते.

दोन गोष्टी राहिल्या. ईडीएनए प्रवाहाबरोबर वाहतो, त्यामुळे बाटलीचा बिंदू म्हणजे माशाचा पत्ता असं कुणी समजू नये. तरी तो किलोमीटरभर सगळं मिसळून टाकतो हेही खरं नाही. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातल्या केल्पच्या (मोठ्या समुद्री शैवालाच्या) जंगलात जेमतेम ६० मीटर अंतरावरचे वेगळे समुदाय त्यावरून वेगळे ओळखता आले होते. जोराच्या भरती-ओहोटीच्या खाडीत मात्र एवढ्या बारकाव्याची आशा धरू नका, तिथे तरी भरतीची एकच वेळ पकडून सगळे नमुने घ्या. आणि डीएनए काढायच्या किटमधल्या ज्या बफरांत ग्वानिडीन असतं ते सांडलं तर ब्लीचने पुसायला जाऊ नका, विषारी वायू निघतो. आधी पाण्याने आणि साबणाने पुसून घ्या.